भिंतीबाहेरचा सूर

मी एक जुनी पायपेटी आहे. पाय दुमडून झाकण लावलं की मी हुबेहूब सूटकेससारखी दिसते, आणि त्याचा मला जन्मभर ताप झाला आहे. विमानतळावर मला सामानाच्या पट्ट्यावर आडवं फेकतात. लिफ्टमध्ये माझ्यावर भाजीच्या पिशव्या ठेवतात. शारजात रोल्ला भागातल्या एका इमारतीखाली तर एका गृहस्थांनी माझ्यावर निवांत बसून बुटाची नाडी बांधली होती. मित्रांनो, माझं वय दीडशेच्या पुढे आहे, थोडा तरी मान ठेवायला काय हरकत आहे?

मला उघडलं की खोलीत गाणं येतं. पण गाण्याच्या मागोमाग आणखी काहीतरी येतं, आणि त्याबद्दल लोक माझ्यादेखत हळू आवाजात बोलतात. पेटी झपाटलेली आहे, असं त्यांचं म्हणणं. ते खरं आहे. मला कोणी झपाटलं ते सांगायचं तर फार मागे जावं लागेल.

माझा जन्म इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गिरणगावात झाला. तेव्हा तिथे व्हिक्टोरिया राणीचं राज्य होतं, आणि धुराड्यांच्या काजळीने वाळत घातलेले कपडेसुद्धा करडे होत. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभं राहून प्रवचन करणाऱ्यांसाठी मला घडवलं होतं, म्हणून माझे पाय दुमडते. आक्रोडाचं लाकूड, मेंढीच्या कातड्याचा भाता आणि आत ओळीने बसवलेल्या पितळी जिभा. पायाने भाता मारला की हवा त्या जिभांवरून जाते आणि मी बोलू लागते.

त्या गावात एक मोठं राजमान्य चर्च होतं, आणि त्या चर्चशी ज्यांचं पटलं नाही अशा लोकांचं साधं, बिनकळसाचं चॅपेल होतं. देव एकच. पण चर्चवाला चॅपेलवाल्याला बाजारात ओळख दाखवत नसे. चॅपेलच्या माणसाला मेल्यावर चर्चच्या आवारात पुरू देत, पण त्याच्या नातलगांना तिथे आपल्या पद्धतीने प्रार्थना करता येत नसे. जोसाया नावाच्या विणकराच्या वडिलांचं दफन असंच मुक्याने झालं होतं. तेव्हा तरुण जोसाया आवाराच्या भिंतीबाहेर उभा राहून मोठ्याने स्तोत्र गायला होता. पुढे तो चॅपेलचा प्रमुख झाला, आणि ही हकिगत त्याने आयुष्यभर अभिमानाने सांगितली.

त्याची मुलगी हेस्टर. माझ्यावर पहिल्यांदा बोटं ठेवली ती तिने. चॅपेलमधल्या तरुण मंडळींनी मला हौसेने आणलं होतं, पण जोसायाला मी नको होते. देवाची स्तुती माणसाच्या गळ्यानेच करायची, यंत्राचा श्वास खोटा, असं त्याचं ठाम मत होतं. भांडण वाढलं आणि चॅपेल दुभंगलं. तरुण मंडळी मला घेऊन लोकरीच्या एका गोदामात प्रार्थना करू लागली. एका रविवारी चॅपेलची काही माणसं तिथे आली आणि त्यांनी माझा भाता सुरीने फाडला. हेस्टरच्या आईने नवऱ्याच्या नकळत आपला लग्नातला हातमोजा पाठवून दिला, आणि त्याच्या मऊ कातड्याचं ठिगळ हेस्टरने माझ्या भात्याला चिकटवलं. ते अजून आहे. नीट पाहिलं तर त्यात एका बोटाचा आकार दिसतो.

त्याच थंडीत हेस्टरची आई वारली. जोसायाने निरोप पाठवला, पेटी टाकून दे, चुकले म्हण आणि आत ये. मी येते, पण चुकले म्हणणार नाही, असं हेस्टरने कळवलं. दफनाच्या दिवशी चॅपेलचं दार तिच्या तोंडावर लागलं. बाहेर बर्फ पडत होतं. हेस्टर मला हातात धरून भिंतीला टेकून उभी राहिली.

आत आईच्या आवडीचं स्तोत्र सुरू झालं. ते गाताना आई नेहमी वरचा सूर म्हणायची आणि हेस्टर खालचा. त्या दिवशीही हेस्टर खालचा सूर म्हणू लागली, भिंतीच्या बाहेरून. आतल्या आवाजाने माझ्या जिभा बारीक थरथरत होत्या. मग त्या थांबल्या. स्तोत्र संपलं होतं. मला ते कळलं, पण बर्फाच्या त्या बहिऱ्या हवेत तिला कळलं नाही. आतले लोक थांबतील तेव्हा थांबावं म्हणून ती शेवटचा सूर धरून राहिली. पेटीवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर ती पांढरी सहा, म्हणजे सहाव्या पांढऱ्या पट्टीचा सूर. सगळी शांतता झाली तरी ती तो एकटीच गात राहिली, आणि दार काही उघडलं नाही. आत जोसाया बसला होता. भिंतीबाहेर गाणं म्हणजे काय हे त्या गावात त्याच्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच त्याच्यावरचा राग माझ्या मनातून आजही जात नाही.

तेव्हापासून, मित्रांनो, गाणं संपून वाजवणाऱ्याने हात उचलले की माझ्यातली पांढरी सहा आपोआप वाजते. भाता रिकामा असला तरी वाजते. किती दुरुस्ती करणाऱ्यांनी मला उघडून पाहिलं, जिभा घासल्या, पट्ट्या काढून लावल्या. त्यांना काही सापडलं नाही. हेस्टरला अजून कोणी सांगितलेलं नाही की गाणं संपलं.

तिचं पुढे काय झालं मला माहीत नाही. एका मिशनऱ्याने मला बोटीतून मुंबईला आणलं, आणि तो गेल्यावर त्याच्या सामानाच्या लिलावात मी वसईच्या एका पानमळेवाल्याच्या हाती लागले. घर पक्कं कॅथलिक होतं. भिंतीवर येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर, अंगणात खुरीस, म्हणजे क्रूस. तसबिरी-मूर्ती न मानणाऱ्या माझ्या चॅपेलवाल्यांना हे कळलं असतं तर त्यांची झोपच उडाली असती. मला मात्र ते घर आवडलं. संध्याकाळी सगळे जमून लदीन म्हणत. लदीन म्हणजे मरियामातेची आळवणी. एकाने मातेचं एकेक नाव घ्यायचं आणि बाकीच्यांनी जबाब द्यायचा, आम्हांसाठी विनंती कर. घरधन्याने माझ्यासाठी एक नियम घालून दिला होता. जो पेटीवर बसेल त्याने जबाब मोठ्याने द्यायचा. हात पेटीवर आणि तोंड बंद, असं चालणार नाही.

माझा तो शेवटचा सूर ऐकून घरातले घाबरले नाहीत. शुद्धिस्थानातला, स्वर्गाच्या वाटेवर थांबलेला एखादा आत्मा असेल, असं म्हणून त्यांनी त्याच्यासाठीही रोज एक प्रार्थना सुरू केली. ज्या हेस्टरला तिच्या स्वतःच्या लोकांनी बाहेर ठेवलं, तिच्यासाठी कुठल्या कुठे वसईत पानमळ्याशेजारी प्रार्थना होत होती. मला फार भरून येई.

त्या घरधन्याच्या नातवाचं नाव बाप्टिस्ट. नोकरीसाठी तो शारजाला आला, एका हॉटेलच्या अकाउंट्समध्ये लागला, आणि पुढच्या सुट्टीत गावाहून परतताना मला घेऊन आला. रोल्लाच्या मागच्या गल्लीत त्याचं दोन खोल्यांचं घर होतं. इथली हवा मला बिलकूल मानवली नाही. बाहेर दमट उकाडा आणि आत दिवसरात्र एसी, त्यामुळे माझं लाकूड कधी फुगतं तर कधी आकसतं. पण बाप्टिस्टची बायको करेन मला जपायची. एसीचा झोत अंगावर येऊ नये म्हणून ती माझ्यावर जुनी शाल घालायची.

ऑक्टोबर हा माझा मानाचा महिना. त्या महिन्यात मरियामातेची मूर्ती वसईकरांच्या घराघरांतून फिरते. एका घरी एक संध्याकाळ, मग त्या घरच्यांनीच ती पुढच्या घरी पोचवायची. मूर्तीबरोबर मीही जायचे, मूर्ती मांडीवर आणि मी डिकीत. दारं लावून, शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बेताच्या आवाजात लदीन व्हायची. शेजारच्या अनुराधा दरवर्षी मोगऱ्याचा गजरा घेऊन यायच्या. त्या पुण्याच्या, मराठी शाळेत गाणं शिकलेल्या. पेटी सुरात आहे हो, असं त्या मला पाहून म्हणायच्या, आणि मी खूश व्हायचे.

माझ्यावर बसायची ती बाप्टिस्टची मुलगी, पर्ल. तिच्या बोटांत हेस्टरची बोटं होती, याहून नेमकं मला सांगता येत नाही. शेवटचा सूर आपोआप वाजला की इतर मुलं पळायची. पर्ल कान लावून बसायची आणि बापाला सांगायची, “डॅडी, इट इज स्टिल ब्रीदिंग.” मग ती माझ्या ठिगळावरून हात फिरवायची.

पर्ल मोठी झाली, शिकली, लग्न करून दुबईत सिलिकॉन ओएसिसला राहायला गेली. तिथे ऑफिसातल्या एका मैत्रिणीबरोबर ती दुसऱ्याच एका ख्रिस्ती मंडळाच्या प्रार्थनेला जाऊ लागली. त्या मंडळात मूर्ती नव्हती, माळ नव्हती, संतांची नावं नव्हती. एके दिवशी तिने घरी येऊन शांतपणे सांगितलं की तिने नव्याने बाप्तिस्मा घेतला आहे. करेनने हातातला चहा खाली ठेवला. बाप्टिस्टने एवढंच विचारलं की वसईच्या चर्चमध्ये तुझ्या डोक्यावर जे पाणी घातलं ते काय नळाचं होतं का. त्यानंतर त्याने तिच्याशी बोलणं टाकलं.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही. मूर्तीच्या फेरीची व्यवस्था व्हर्नन पाहायचा. तो बाप्टिस्टचा जुना मित्र, एका हॉटेलात बँक्वेट मॅनेजर. त्याने घरांच्या क्रमातून पर्लचं घर गुपचूप वगळलं. रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर लोक बाप्टिस्टशी बोलता बोलता गप्प व्हायचे. ज्याच्या घरात हे घडलं त्याने पुढे बसून लदीन सांगावी का, अशी कुजबुज सुरू झाली. बाप्टिस्ट आतून खचला आणि बाहेरून आणखी कडक झाला. मी शालीखाली पडून होते. मला धुराड्यांचा वास येऊ लागला होता.

मग करेन आजारी पडली. इलाज करून झाले, आणि आता वसईला जाऊन राहावं असं डॉक्टरांनीच सुचवलं. बाप्टिस्टने नोकरी सोडली, व्हिसा रद्द करायला दिला, सामान बांधलं. जाण्याआधीच्या ऑक्टोबरात मूर्ती शेवटची त्यांच्या घरी यायची होती. करेनची एकच मागणी होती. त्या संध्याकाळी पेटीवर पर्ल हवी. नंतर तिच्या बोटांचं वाजवणं मला ऐकायला मिळणार नाही, असं तिने स्पष्टच सांगितलं.

बाप्टिस्टने होही म्हटलं नाही आणि नाहीही. व्हर्ननने मात्र त्याला बाजूला घेऊन समजावलं. “हबीबी, रूल सगळ्यांना सेम पाहिजे. आज तुझी पोरगी, उद्या माझी. मग कोणाला काय सांगणार आपण?”

त्या संध्याकाळी घर माणसांनी भरलं होतं. टेबलावर मूर्ती, तिच्या पायाशी अनुराधाबाईंचा गजरा. करेन उशांना टेकून बसली होती. मला मधोमध उघडून ठेवलं होतं. बेल वाजली आणि दारात पर्ल उभी राहिली. बाप्टिस्ट उठून दाराशी गेला. त्याने उंबरठ्यातच विचारलं की लदीनीचा जबाब देणार का.

“डॅडी, मी वाजवीन,” पर्ल म्हणाली. “मम्मीसाठी सगळी लदीन वाजवीन. पण ते शब्द म्हणणार नाही. मला ते पटत नाहीत, आणि मम्मीसमोर खोटं बोलायला मी आले नाही.”

“मग खलास. आजोबांचा नियम आहे, पेटीवर मुकं माणूस बसत नाही.”

आणि मित्रांनो, दार लागलं. तो आवाज मी ओळखत होते. भाषा वेगळी, हवा वेगळी, लाकूड वेगळं, पण आवाज तोच. तिकडे हेस्टरला वाजवल्याबद्दल बाहेर काढलं होतं. इकडे पर्लला वाजवायला येऊनही बाहेर काढलं. माझ्या भात्यातलं ते ठिगळ गार पडलं. हे तुम्हाला खरं वाटणार नाही, पण पडलं.

अनुराधाबाई उठल्या. त्यांनी जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची उचलली, दार उघडून पॅसेजमध्ये ठेवली, पर्लला तिच्यावर बसवलं आणि परत आत येऊन आपल्या जागी बसल्या. दार त्यांनी लोटून घेतलं.

माझ्यावर बाप्टिस्ट स्वतः बसला. त्याचे पाय जड पडत होते. लदीन सुरू झाली. तो एकेक नाव घेई आणि सगळी खोली जबाब देई. थोड्या वेळाने त्या जबाबात काहीतरी कमी आहे असं मला जाणवलं. वरचा सूर नव्हता. तो सूर करेनचा असायचा. इतकी वर्षं, तापात, बाळंतपणातसुद्धा तिचा चुकला नव्हता. ती मूर्तीकडे पाहत होती आणि तिचे ओठ मिटलेले होते. दम लागला असेल असं आधी लोकांना वाटलं. पण ती शांत होती, डोळे कोरडे होते. एकेक जण तिच्याकडे पाहू लागला. जबाब विरळ होत गेला आणि शेवटी बाप्टिस्टचे पाय थांबले.

बाप्टिस्टने विचारलं, दुखतंय का. तिने मान हलवली.

“ती म्हणत नाही म्हणून ती बाहेर,” करेन म्हणाली. “आता मी पण म्हणत नाही. मला पण बाहेर नेऊन बसव.”

व्हर्नन गजऱ्याकडे पाहत राहिला. बाप्टिस्टची बोटं माझ्या पट्ट्यांवरच होती. दीडशे वर्षांत मी देवाकडे स्वतःसाठी कधी काही मागितलं नव्हतं. तेव्हा मागितलं.

बाप्टिस्ट उठला. दारापर्यंतचं अंतर जेमतेम, पण त्याला ते पार करायला वेळ लागला. त्याने दार उघडलं. पर्ल त्या खुर्चीवर तशीच बसलेली होती. बाप्टिस्ट बाजूला झाला, आणि ती आत आली.

ती वाजवायला बसली. मूर्तीला तिने हात जोडले नाहीत आणि तिचे ओठ शेवटपर्यंत मिटलेले होते. पण करेनचे उघडले. तिचा आवाज चिरका झाला होता, श्वास पुरत नव्हता, आणि जिथे तो अपुरा पडे तिथे पर्लची बोटं थांबून वाट पाहत. सबंध लदीन झाली. पर्लने हात उचलले. सगळे सवयीने त्या शेवटच्या सुरासाठी थांबले. तो आला नाही.

मी माझ्या आत शोधलं. पितळ होतं, कातडं होतं, हवा होती. हेस्टर नव्हती. ती आत आली असेल, बसली असेल, असं मी स्वतःला समजावलं. तरी, मित्रांनो, मला फार एकटं वाटलं. इतकी वर्षं सांभाळलेलं माणूस निघून गेलं की घर कितीही शांत झालं तरी ती शांतता खायला उठते.

बाप्टिस्टने माफी मागितली नाही. तो तसा माणूस नव्हे. जाण्याच्या दिवशी त्याने मला पर्लच्या गाडीपर्यंत स्वतः नेलं, डिकीत आडवं न ठेवता मागच्या सीटवर ठेवलं आणि पट्टा लावला. एसीचा झोत लागू देऊ नको, एवढं तिला सांगितलं. करेनची शाल माझ्यावरच होती.

मी सिलिकॉन ओएसिसला आले. डिसेंबरात करेन वसईत वारली. पर्ल दफनाला जाऊन आली. तिथे काय झालं, कोण काय म्हणालं, ते मला ठाऊक नाही, मी तिथे नव्हते. आल्यावर ती बरेच दिवस माझ्याकडे फिरकली नाही.

मग एका रविवारी संध्याकाळी बाप्टिस्टचा फोन आला. घरात एकट्याने लदीन म्हणवत नाही, असं तो म्हणाला. तू म्हणू नकोस, फक्त वाजव. पर्लने फोन माझ्या झाकणावर ठेवला आणि ती वाजवू लागली. तिकडे वसईत तो म्हातारा स्वतःच नाव घेत होता आणि स्वतःच जबाब देत होता. त्याचा आवाज समुद्रापलीकडून येत होता, म्हणून जरा मागे राहत होता. पर्लने शेवटची पट्टी सोडली आणि हात मांडीवर ठेवले. इकडे गाणं संपलं होतं. तिकडे त्याला ते कळलं नव्हतं. तो एकटाच पुढे गात राहिला.

आणि तेव्हा माझ्यातली पांढरी सहा वाजली.

भाता रिकामा होता. पर्लचे पाय जमिनीवर होते. तो सूर त्याच्या आवाजाखाली आला आणि त्याला धरून राहिला, त्याचा शेवटचा जबाब संपेपर्यंत. मग मला सगळं उमजलं. हेस्टरला गाणं संपल्याचं कळलं नव्हतं, असं मी इतकी वर्षं समजत होते. तिला कळलं असावं, तरी तिने सूर सोडला नाही. बाहेर जो एकटा गात असतो, त्याच्यासोबत ती उभी राहते. करेनच्या त्या संध्याकाळी बाहेर कोणी उरलं नव्हतं, म्हणून ती गप्प राहिली होती.

मग बाप्टिस्टने विचारलं, “पर्ल, खालचा सूर तू धरलास?”

पर्लने आपल्या हातांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“नाही, डॅडी,” ती म्हणाली. “पण तू म्हणत राहा. आम्ही ऐकतोय.”

आता दर रविवारी तो फोन येतो. मित्रांनो, मी जुनी झाले आहे, माझं सांगणं थोडंच आहे. मला ओल्या फडक्याने पुसू नका, माझ्यावर पिशव्या ठेवू नका, आणि कधी माझा भाता बदलायची वेळ आली तर ते हातमोज्याचं ठिगळ काढून फेकू नका. आणि तुमच्या घरी प्रार्थनेला बसताना, ती कोणत्याही देवाची असो, दार लावण्याआधी पॅसेजमध्ये एकदा पाहा. तिथे कोणी उभं असेल तर त्याला काय पटतं आणि काय पटत नाही ते नंतर विचारा. आधी त्याला आत घ्या.